एमआरआयचं मशीन रात्री पण चालूच असतं म्हणे? आणि हे हेलियमचं काय प्रकरण आहे?

शेवंती_नाशिक
मंडळी, जरा समजावून सांगा. बुधवारी आईच्या गुडघ्याचा एमआरआय होता. सकाळी आठला नंबर. अंगावर धातू नको म्हणाले म्हणून आदल्या रात्री साबण लावून लावून आईच्या पाटल्या काढल्या, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा निघाल्या, मनगट लाल झालं बिचारीचं. आणि तिथे गेल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम मशीन बंद आहे, हेलियम गेला, पुढच्या आठवड्यात फोन करून या. घरी आलो तर पाटल्या परत हातात जाईनात!! सगळा राग माझ्यावर.
तर प्रश्न असे की हेलियम म्हणजे तो वाढदिवसाच्या फुग्यातलाच ना? त्याचं या मशीनमध्ये काय काम? आणि तिथला टेक्निशियन म्हणाला की यातलं चुंबक आम्ही कधीच बंद करत नाही, रात्री पण नाही, लाईट गेली तरी ते चालूच. हे कसं काय? भाचा दहावीत आहे, तो म्हणतो मावशी ते सुपरकंडक्टर असतं. पुढे विचारलं तर गप्प.

टमरेल
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या इथे लाईट गेली की पंखा बंद, मोटार बंद, बायको चालू.

पान्हा_पक्कड
@टमरेल, घरी वाचून दाखवू का?
ताई, मी एकोणीस वर्षं हीच मशीनं दुरुस्त करतोय (कंपनी विचारू नका), त्यामुळे बोलायचा अधिकार आहे. हेलियम तोच, फक्त फुग्यात वायू असतो आणि इथे द्रव. त्या मोठ्या डोनटच्या आत निओबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी असतात, तांब्यात गुंफलेली, काही किलोमीटर तार. ती उणे २६९ डिग्रीला द्रव हेलियममध्ये बुडवलेली असते. त्या थंडीत तारेचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. कमी नाही, शून्य. भाचा म्हणतो ते सुपरकंडक्टर म्हणजे हेच. इन्स्टॉल करताना आम्ही एकदाच बाहेरून करंट भरतो, चारपाचशे अँपिअर, मग एक स्विच मिटवून दोन्ही टोकं आतल्या आत जोडून टाकतो आणि आमची केबल काढून घेतो. तो करंट नुसता फिरत राहतो. गोल गोल. वर्षानुवर्षं. म्हणून लाईट गेली तरी चुंबक तसंच.
बिलाचं म्हणाल तर चुंबकाला वीज लागत नाही, पण हेलियम उकळून जाऊ नये म्हणून वर एक कोल्ड हेड असतं, त्याचा कॉम्प्रेसर चोवीस तास चालू. त्या खोलीत स्कॅन चालू नसताना पण चिक-चुक, चिक-चुक असा आवाज येतो ना, तो त्याचा. तुमच्या सेंटरला माझ्या मते चिलर, म्हणजे त्या कॉम्प्रेसरला थंड पाणी पुरवणारं यंत्र, बंद पडला असणार. उन्हाळ्यात हेच होतं. चिलर गेला की कोल्ड हेड गेलं, की हेलियम हळूहळू उडतो, लेव्हल खाली आली की मशीन लॉक.

अर्धवटराव_पुणे३०
शून्य म्हणजे खरंच शून्य? का आपलं सरकारी आकड्यासारखं शून्य?

थंडगार_प्राध्यापक
@अर्धवटराव, रास्त शंका. खुद्द शून्य कोणी मोजू शकत नाही, इतकंच सांगता येतं की असलाच तर अमुक आकड्यापेक्षा कमी आहे. १९६३ मध्ये फाइल आणि मिल्स या दोघांनी अशा फिरत्या करंटचं चुंबकत्व किती घटतं ते मोजलं आणि हिशोब निघाला की तो विरायला किमान एक लाख वर्षं लागतील. व्यवहारात एमआरआयच्या चुंबकाला तासाला एक कोटीत एक भाग एवढी घट चालते. सरकारी आकडा एवढा प्रामाणिक असता तर काय हवं होतं.
याची सुरुवात हॉलंडमधल्या लायडनला झाली. कामरलिंग ओनेस नावाचे गृहस्थ, थंडीचं वेड. १९०८ च्या जुलैत त्यांनी पहिल्यांदा हेलियमचा द्रव केला. मग १९११ मध्ये प्रश्न असा की धातू इतका थंड केला तर विजेला विरोध वाढतो का घटतो? मोठमोठ्या लोकांची मतं उलटसुलट होती. त्यांनी पारा घेतला, कारण पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून एकदम शुद्ध करता येतो. तर ४.२ केल्विनच्या, म्हणजे त्याच उणे २६९ डिग्रीच्या, आसपास विरोध एकदम गायब. आधी त्यांना वाटलं कुठेतरी शॉर्ट सर्किट झालंय! ओनेसना १९१३ चं नोबेल मिळालं. दवाखान्याचा विचार त्यात कुठेही नव्हता.

माडाची_सावली
जाता जाता, हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गला लागला हे किती जणांना माहीत आहे? १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबांनी किल्ल्यावरून दुर्बीण लावली. साहेबाचे ओटे अजून आहेत तिथे. आम्ही शाळेतून गेलो होतो. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस पण साजरा होतो. अभिमान वाटतो.

थंडगार_प्राध्यापक
@माडाची_सावली, तुम्हाला दुखवायचं नाही पण १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणात जान्सेन नावाच्या फ्रेंच माणसाने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्याला वाटलं, हे ग्रहण नसताना पण दिसायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं पण. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये तिकडे घरबसल्या, ग्रहणाशिवाय, तेच केलं. दोघांची पत्रं फ्रेंच अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या वर्णपटातली एक पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना म्हणून नाव सूर्यावरून, हेलिओसवरून, हेलियम. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये रॅमसेला सापडला.
आता तुमचे ओटे. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे शंभर टक्के खरं, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. नौदलाचे खलाशी मदतीला घेऊन किल्ल्यात सगळा पसारा मांडला होता. तेव्हा हेलियम सापडून तीस वर्षं झाली होती.

माडाची_सावली
म्हणजे शाळेतल्या बाईंनी आम्हाला तीस वर्षांनी फसवलं.
असो, ओटे तर खरे आहेत ना. मी तरी १८ ऑगस्टला जाणारच.

खगोल_खुळा
जा की, जागा सुंदर आहे. त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तंबू ठोकून बसले होते आणि त्यांचा सविस्तर अहवाल छापलेला आहे. आपल्या माणसाने आपल्या मातीत काम केलं, त्याचा कुठे ओटा नाही आणि १८६८ ला न आलेल्या साहेबाचा दिवस साजरा.

टमरेल
धागा गुडघ्यावरून निघाला, सूर्यावर पोचला. आता परतीची एसटी किती वाजता?

जीवरसायनी_ठाणे
परतीची सोय मी करते. 😄
सगळ्यांनी चुंबकाचंच सांगितलं. पण चुंबक नुसतं असून चित्र कसं निघतं? शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन, त्याचं केंद्रक म्हणजे एक बारीकसं लोहचुंबकच समजा. दीड टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट क्षेत्रात ते सेकंदाला सहा कोटी चाळीस लाख वेळा भोवऱ्यासारखं डुलतं. तेवढ्याच फ्रिक्वेन्सीची रेडिओ लहर सोडली की ते उत्तर देतं. एफएम रेडिओ ८८ मेगाहर्ट्झला सुरू होतो, हे ६४ ला, म्हणजे शेजारच्याच आळीत. याचं मूळ नाव न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स (एनएमआर), त्यातलं न्यूक्लियर ऐकून पेशंट घाबरतील म्हणून दवाखान्यात येताना तो शब्द गाळला. एक्सरेसारखं रेडिएशन यात नाही, आईंना निश्चिंत राहू दे.
आणि हे तंत्र दवाखान्यात यायच्या कितीतरी आधीपासून आम्हा केमिस्ट्रीवाल्यांचं आहे बरं का. ब्लॉक आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये काढलं, केमिस्ट लोकांनी उचललं, मग प्रथिनांपर्यंत गेलं. स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट व्युत्रिखच्या लॅबने १९८५ मध्ये पहिल्यांदा एनएमआरने एका प्रथिनाची आख्खी त्रिमिती रचना काढली, तर स्फटिकं वापरून रचना काढणारे लोक विश्वासच ठेवेनात. मग पैजेसारखं झालं. टेंडामिस्टॅट नावाचं एक प्रथिन यांनी एनएमआरने आणि म्युनिकच्या हुबरनी स्फटिकाने, एकमेकांचं न बघता सोडवायचं. उत्तर जुळलं. २००२ चं नोबेल. त्यातलं चुंबक पण हेच, हेलियममध्ये बुडवलेलं, फक्त अजून तगडं.

अर्धवटराव_पुणे३०
ते १९८५ चं पहिलं प्रथिन कुठलं होतं?

जीवरसायनी_ठाणे
मुद्दामच सांगितलं नव्हतं. वळूच्या वीर्यातलं.

टमरेल
वाचनखूण साठवली.

गृहिणी_पण_इंजिनियर
माझा बावळट प्रश्न. रक्तात लोह असतं ना? मग चुंबकात गेल्यावर रक्त चिकटत कसं नाही?

जीवरसायनी_ठाणे
बावळट कसला, नेमका हाच प्रश्न भारी आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं, एकेक अणू सुटा, चार बाजूंनी नायट्रोजनने धरून ठेवलेला, त्यामुळे चिकटणं वगैरे काही नाही. पण १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरियेल यांनी बघितलं की ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकापासून किंचित लांब सरकतं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित जवळ. निव्वळ कुतूहलाचा प्रयोग, गाईचं रक्त घेऊन. ५४ वर्षं तो तसाच पडून होता म्हणा ना. १९९० मध्ये सेइजी ओगावांनी त्याचाच आधार घेऊन उंदरांच्या मेंदूत दाखवलं की एमआरआयमध्ये रक्तातला ऑक्सिजन दिसतो. आज पेपरात फोटो येतात ना, मेंदूचा अमुक भाग उजळला, ते सगळं यावर.
अवांतर: हे लोहाचं बघताना मला नेहमी कमला सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन त्यांना, बाई आहे म्हणून, घेईनात, शेवटी अटी घालून घेतलं, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ ची पीएचडी. काम काय, तर सायटोक्रोम सी हे लोहाचं प्रथिन बटाट्यात दाखवलं, म्हणजे वनस्पतींच्या पेशीपण श्वासासाठी तेच वापरतात. मुंबईत येऊन मग नीरेवर काम.

खगोल_खुळा
नीरा म्हणजे स्टँडवरची?

जीवरसायनी_ठाणे
तीच. पौष्टिक आहे हे बाईंनी मोजून दाखवलं. पण सकाळच्या थंडाव्यातली. दुपारपर्यंत ठेवलीत तर वेगळं जीवरसायन सुरू होतं.

स्पष्टवक्ता_सांगली
सगळं ऐकायला छान आहे. आता कडू बोलतो. माझ्या वडिलांना पाठीच्या एमआरआयला सरकारी दवाखान्यात अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली, शेवटी बाहेर साडेसहा हजार भरून केला. आणि इकडे आपले शास्त्रज्ञ काय करतायत तर बिस्मथ थंड करतायत. मागे पेपरात वाचलं होतं, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) शोध लावला की बिस्मथ सुपरकंडक्टर होतो, किती थंडीत, तर शून्याच्या वर एक केल्विनच्या हजाराव्या भागाच्या पण निम्म्यात. त्याचा माझ्या बापाच्या पाठीला उपयोग काय? आधी दहा मशीनं घ्या, मग करा संशोधन.

गृहिणी_पण_इंजिनियर
+१. हे बोलायला धीर लागतो इथे.

थंडगार_प्राध्यापक
@स्पष्टवक्ता, वडिलांचं वाईट वाटलं. आकडा बरोबर आहे तुमचा, ०.५३ मिलिकेल्विन, २०१६ सालचं काम. आज उपयोग काही नाही, खोटं कशाला बोलू. त्यात मजा अशी की बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो, जुन्या सिद्धांताप्रमाणे एवढ्या थोड्या इलेक्ट्रॉनात हे व्हायलाच नको, आणि होतं. म्हणजे सिद्धांतात कुठेतरी भोक आहे. पण दहा मशीनं का संशोधन हा हिशोब मला पटत नाही. ओनेसला १९११ मध्ये कोणी म्हणालं असतं, पारा कसला गोठवतोस, लायडनच्या दवाखान्याला दहा खाटा घे, तर...

स्पष्टवक्ता_सांगली
तर खाटा तरी मिळाल्या असत्या. ओनेस हॉलंडचा होता हो, त्याच्या शोधाची मशीनं आपण विकत घेतो. शंभर वर्षांनी बिस्मथचं पण असंच कोणी दुसरा विकेल आपल्याला.

थंडगार_प्राध्यापक
हा मुद्दा मात्र जोरदार आहे, याला माझ्याकडे झटकन उत्तर नाही.

चिरतरुण_चिपळूण
अरे पण रूम टेम्परेचर सुपरकंडक्टर आला की सगळंच स्वस्त होईल ना? २०२३ मध्ये ते कोरियावाले एलके-९९ घेऊन आले होते, मी तर व्हिडिओ रात्रभर बघत होतो, तो काळा खडा चुंबकावर अर्धा उचललेला. काय झालं त्याचं?

थंडगार_प्राध्यापक
तीन आठवड्यांत हवा गेली. जगभर लोकांनी भट्ट्या लावून करून बघितलं, आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही (एनपीएल) केलं, कोणालाच जमेना. शेवटी निघालं काय, तर खड्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि तेच साधारण १०४ डिग्रीला रूप बदलतं, त्यामुळे विरोध एकदम पडल्यासारखा दिसतो. आणि अर्धा उचललेला म्हणजे अर्धा टेकलेला पण, ते साध्या चुंबकत्वानेही होतं.
या क्षेत्राला हा शापच आहे. २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून (आयआयएससी) दावा आला होता की सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण सुपरकंडक्टर होतात, उणे ३७ डिग्रीला. तेव्हा ब्रायन स्किनर नावाच्या अमेरिकेतल्या तरुण शास्त्रज्ञाने आलेखातला नुसता कचरा बघितला, म्हणजे ती बारीक थरथर असते ना, ती दोन वेगळ्या मापनांत ठिपक्याला ठिपका तशीच. थरथर कधी सारखी येते का? दोन घरच्या चकल्यांचे काटे मोजून सारखे निघावेत तसं. अमेरिकेतल्या रंगा डायस यांच्या गटाचे तर असल्याच दाव्यांचे दोन पेपर नेचर या विज्ञान नियतकालिकाने मागे घेतले, एक २०२२ मध्ये, एक २०२३ मध्ये.

पान्हा_पक्कड
आणि समजा सापडला तरी लगेच मशीन होत नाही, हे माझ्या अनुभवावरून. १९८७ मध्येच तो यट्रियम-बेरियमवाला सुपरकंडक्टर मिळालाय, ९३ केल्विनला चालतो, म्हणजे स्वस्तातल्या द्रव नायट्रोजनमध्ये. मग आम्ही अजून हेलियमचे डबे का वाहतोय? कारण तो पदार्थ म्हणजे चिनीमातीची कपबशी. त्याची किलोमीटरभर तार ओढायची म्हणजे कुरडईची दोरी वळण्यासारखं आहे. आता फितीवर थर देऊन करतात पण महाग. निओबियम-टायटॅनियम हा धातू, ओढा, वाका, गुंडाळा, तक्रार नाही. नवीन मशीनं येतायत त्यात जेमतेम सात लिटर हेलियम सीलबंद असतो, जुन्यात दीड-दोन हजार लिटर. बदल तिकडून होतोय.
बाकी हेलियम उडणं म्हणजे काय ते एकदा सांगतोच. कुठेतरी तार जराशी गरम झाली की तिथला विरोध जागा होतो, त्याने अजून गरम, की दहा-वीस सेकंदात आख्खं चुंबक झोपतं आणि सगळा हेलियम वायू होऊन सुटतो, एका लिटरचे सातशे लिटर. याला क्वेंच म्हणतात. गच्चीवर त्याचा पाईप काढलेला असतो. एका ठिकाणी (गाव सांगत नाही) मी वार्षिक तपासणीला गच्चीवर गेलो तर पाईपच्या तोंडाची जाळी सडलेली आणि आत कबुतराचं घरटं, दोन अंडी. त्या दिवशी क्वेंच झाला असता तर वायू उलटा खोलीत, ऑक्सिजन बाहेर, आणि आत कोण असेल तो... मी हॉस्पिटलला तीनदा लिहून दिलं होतं जाळी बदला म्हणून. उत्तर आलं, बजेट नाही. जाळीला.

चिरतरुण_चिपळूण
अंड्यांचं काय झालं?

पान्हा_पक्कड
घरटं तसंच उचलून पाण्याच्या टाकीवर ठेवलं. कबुतर आलं परत. मी पण माणूस आहे.

नेवार्कची_नर्मदा
इथे अमेरिकेत २०१८ मध्ये इलिनॉयमधल्या एका हॉस्पिटलात गंमत झाली होती. नवीन एमआरआय बसवताना हेलियम गळला, एसीतून इमारतभर पसरला, आणि तिथले चाळीसेक आयफोन आणि घड्याळं बंद पडली. अँड्रॉइडवाले मजेत. कारण आयफोनमध्ये वेळ मोजणारा सिलिकॉनचा बारीक तुकडा हवाबंद पोकळीत असतो आणि हेलियमचे अणू इतके बारके की ते आत शिरले. काही दिवसांनी बहुतेक फोन आपले आपण बरे झाले.

अर्धवटराव_पुणे३०
किडनी विकून घेतलेला फोन फुग्याच्या गॅसने मेला. मला आज झोप छान लागणार.

खगोल_खुळा
मशीनचा पहिला माणूस कोण हे कोणी सांगितलंच नाही. न्यूयॉर्कचे डॉक्टर दमाडियन, यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींचा एनएमआर संदेश निरोगी पेशींपेक्षा वेगळा येतो हे दाखवलं. मग विद्यार्थ्यांना हाताशी धरून, तार स्वतः गुंडाळून सुपरकंडक्टिंग चुंबक बांधलं, नाव ठेवलं इंडोमिटेबल. १९७७ मध्ये आधी स्वतःच आत बसले, काहीच दिसेना. निष्कर्ष असा की डॉक्टर फार जाड! मग बारीक विद्यार्थ्याला बसवलं, ३ जुलैला, जवळजवळ पाच तास, छातीचं एक चित्र निघालं. पण एनएमआर संदेशापासून चित्र कसं काढायचं याची आज चालते ती युक्ती लॉटरबर नावाच्या केमिस्टची, जी त्याला हॉटेलात बर्गर खाताना सुचली आणि कागदी रुमालावर लिहून ठेवली. नेचरने त्याचा पेपर आधी साभार परत केला होता. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्डला, दमाडियनला वगळून. त्याने मोठमोठ्या पेपरात पानभर जाहिराती दिल्या, हा अन्याय दुरुस्त करा म्हणून. काही झालं नाही.

टमरेल
रुमालावर नोबेल. आणि मी पहिल्या प्रतिसादात रुमाल टाकला तर कोणी विचारलं नाही.

स्पष्टवक्ता_सांगली
@पान्हा, त्या सात लिटरवाल्या मशीनला ते चिलर वगैरे कमी लागतं का? तालुक्याच्या ठिकाणी चालेल का? ताईंचा धागा आहे माहीत आहे पण हा खरा कामाचा प्रश्न आहे.

पान्हा_पक्कड
थंडावा लागतोच, पण गच्चीपर्यंतचा तो पाईप लागत नाही आणि वजन पण कमी, त्यामुळे बांधकाम सोपं पडतं. हेलियमची टाकी मागवायची कटकट नाही, जो आपल्याकडे जवळपास सगळा बाहेरूनच येतो. २०१७ मध्ये हेलियम पुरवणाऱ्या कतारची नाकाबंदी झाली तेव्हा आमची काय धावपळ झाली होती ते मला माहीत. तालुक्याला चालेल. खरी अडचण वीज आणि चालवणारा माणूस.

शेवंती_नाशिक
बापरे, आठ दिवस आले नाही तर केवढं झालंय इथे! सगळं वाचलं, काही डोक्यावरून गेलं, भाच्याला प्रिंट काढून दिलीय.
तर अपडेट. आज झाला एमआरआय. @पान्हा_पक्कड दादा, चिलरच होता!! मी आपलं सहज विचारलं, चिलर गेला होता का, तर तो टेक्निशियन माझ्याकडे बघतच राहिला, म्हणे मॅडम तुम्ही कुठल्या कंपनीतून? आणि तो चिक-चुक आवाज दाराबाहेरून ऐकला मी. आई म्हणाली आत मात्र कोणीतरी पत्रे ठोकत होतं.
एकच राहिलं, पाटल्यांचं. सोनं तर चुंबकाला चिकटत नाही ना?

पान्हा_पक्कड
सोनं चिकटत नाही. पण रेडिओ लहरींनी धातू तापू शकतो आणि चित्रात डाग येतो, शिवाय आत नक्की काय भेसळ आहे हे सोनारालाच ठाऊक, म्हणून काढायलाच लावतात. मुंबईत २०१८ मध्ये एक जण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि जिवानिशी गेला, मशीन बंद असेल असं समजून. त्यामुळे नियम कडकच बरा. आवाज पत्र्याचा नाही, आतल्या दुसऱ्या वेटोळ्यांचा, त्यात करंट झटके देत चालू-बंद होतो.

शेवंती_नाशिक
सांगते तिला. मागच्या वेळी निघाल्या त्या पाटल्या आजपर्यंत डब्यातच होत्या. आज घरी आल्यावर तासभर साबण लावून बसली होती. डावी गेली, उजवी नाही.